चार आट्यांवर चाललेली गाडी

आमच्या आत्याला सगळे 'सूत' म्हणायचे, अर्थात तिच्या पाठीमागे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आजोबा लेथवरची मापं सुतात सांगत, आणि आत्या काम शिकली ती त्यांच्याच हाताखाली. पुढे मिलिमीटर आले, ती मिलिमीटरच्या दहाव्या भागावरून भांडायला लागली, तरी नाव सूतच राहिलं. लोकांना त्यात आणखी एक गंमत सापडली होती. जिचं नाव सूत, तिचं कुणाशी म्हणून सूत जुळत नाही.

ते खोटं नव्हतं. एकदा एक गृहस्थ पंपाचा बुश, म्हणजे दांड्याभोवतीची नळी, करून घ्यायला आले. जुना बुश हरवला होता. त्यांनी अंगठा आणि तर्जनी फाकवून दाखवली आणि म्हणाले, "अंदाजे एवढा करा."

आत्याने लेथ बंद केला. "दाताच्या डॉक्टरला सांगता का, अंदाजे इथला एखादा काढा म्हणून?"

गृहस्थ हसले. आत्या हसली नाही. "पंप सोडून आणा. आतला दांडा मोजते, मग बोलू." गृहस्थ चिडून दुसरीकडे गेले आणि आठवड्याभराने पंप जाळून परत आले. तेव्हाही ती त्यांना चार शब्द ऐकवल्याशिवाय राहिली नाही.

आजोबांच्या मागे जागेचे दोन भाग झाले होते. रस्त्याकडचं टायरचं दुकान माझ्या बाबांकडे आलं, मागची पत्र्याची शेड आणि लेथ आत्याकडे. मध्ये एक दार, दिवसभर उघडंच. आत्या बाबांहून सहा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "मापात बसणारा भेटला नाही," आणि विषय तिथेच संपायचा. बाबा तिच्या अगदी उलट. जिभेवर साखर, चेहऱ्यावर हसू आणि कुणाला 'नाही' म्हणणं ठाऊकच नाही. 'बघू, करून टाकू' हे त्यांचं पालुपद. आमचा फिटर म्हणायचा की दुकान चालतं ते मालकांच्या गोडव्यावर आणि टिकतं ते ताईंच्या तोंडावर.

मी तेव्हा दुकानाच्या काउंटरवर बसायचे. फोन घ्यायचे, गाड्यांच्या वेळा ठरवायच्या, कुठला माल कधी येणार ते लिहून ठेवायचं. त्या आठवड्यात जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून मी सांगते आहे. आणि रागानेच सांगते आहे. त्यातला बराचसा राग बाबांवरचा आहे आणि उरलेला माझ्या स्वतःवरचा.

बुधवारी सकाळी व्हॅनवाले काका आले. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. मूत्रपिंडं निकामी झालेल्या सहा रुग्णांना ते मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दोन फेऱ्यांत घरून डायलिसिसला न्यायचे आणि परत घरी सोडायचे. व्हॅनच्या पुढच्या दोन्ही लोखंडी रिमना तडे गेले होते. तशाच नव्या मिळेनात, म्हणून त्यांनी भंगारातून दुसऱ्या एका गाडीच्या दोन अलॉय रिम आणल्या होत्या. बोल्टची भोकं जुळत होती. काकांचं म्हणणं, भोकं जुळली म्हणजे चाक बसलं.

"पत्रिका जुळली म्हणजे संसार झाला का?" आत्या म्हणाली. "गाडी जॅकवर घ्या."

मग तिने शेडच्या पत्र्यावर खडूने एक चाक काढलं, समोरून नाही, वरून पाहिल्यासारखं. रुंदीच्या मधोमध एक उभी रेघ मारली. "हब म्हणजे गाडीचा तो भाग, ज्यावर चाक बसतं. चाक हबला जिथे टेकतं ते हे तोंड. ते मधल्या रेघेपासून जितकं बाहेरच्या अंगाला, तितका चाकाचा ऑफसेट. तो रिमवरच कोरलेला असतो, लोक वाचत नाहीत. ऑफसेट वाढला की चाक गाडीच्या पोटात जातं, कमी झाला की बाहेर येतं. कळलं?"

काकांनी मान हलवली. आत्याचा मान हलवण्यावर विश्वास नसायचा. "मग सांगा बघू, जुन्याचा अडतीस आहे आणि नव्याचा पन्नास. नवं कुठे जाणार?"

"आत," काका म्हणाले.

"वर रुंदीही वाढली आहे." ती खडूने भराभर आकडे मांडत गेली. जुनी रिम सहा इंची, म्हणजे एकशे बावन्न मिलिमीटर. निम्मे शहात्तर. त्यात ऑफसेटचे अडतीस मिळवले की एकशे चौदा. हबच्या तोंडापासून जुनी रिम आतल्या बाजूला तेवढी जात होती. नवी सात इंची, निम्मे एकोणनव्वद, अधिक पन्नास, एकशे एकोणचाळीस. "म्हणजे हे चाक पंचवीस मिलिमीटर जास्त आत घुसणार." मग ती गाडीखाली सरकली आणि जुनी रिम व शॉकॲब्सॉर्बर यांच्यातली फट मोजून बाहेर आली. "फट अठरा. घर अठराचं आणि पाहुणा पंचवीसचा. सात मिलिमीटर घासणार. शिवाय पाच तरी मोकळे हवेत, खड्ड्यात गाडी आदळली की सगळं हलतं. सात आणि पाच बारा. हब आणि चाकाच्या मध्ये बारा मिलिमीटरची चकती, म्हणजे स्पेसर, घालायचा. तो मी कातून देते."

बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. "ताई, माझ्याकडे पंचवीसचे तयार स्पेसर पडले आहेत. पंचवीस आत गेलं, पंचवीस बाहेर काढू. हिशेब सोपा."

"सोपा आहे, कारण अर्धाच केला आहेस." ती परत पत्र्याकडे वळली. "आतली बाजू झाली, आता बाहेरची बघ. तिथे ऑफसेट वजा करायचा. जुनं चाक हबच्या बाहेर अडतीस येत होतं, नवं एकोणचाळीस येतं. म्हणजे बाहेरून ते जवळजवळ जागच्या जागीच आहे. तुझा पंचवीसचा घातला तर चौसष्टवर जाईल. मडगार्ड खाईल, बेअरिंग जाईल. बाराने एकावन्न होतात. तेरा वाढले. मडगार्डपर्यंत वीस आहेत, स्टिअरिंग पूर्ण वळवून बघितलं, चालतंय. आतलं आणि बाहेरचं हे दोन वेगळे हिशेब असतात, राजा."

ती 'राजा' म्हणाली की समजायचं, पारा चढतोय. बाबा चहा संपवून निघून गेले.

मग आत्याने काकांना शेवटची गोष्ट सांगितली, आणि ती सगळ्यात महत्त्वाची होती. हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या खुंट्या, म्हणजे स्टड, ज्यांवर चाकाचे नट बसतात, त्यांचे बारा मिलिमीटर स्पेसर खाऊन टाकणार. म्हणून बारा मिलिमीटर लांब स्टड हवेत. ते बाहेरून मागवावे लागणार होते. मी फोन केला. शुक्रवारी दुपारी मिळतील असं ठरलं.

"तोवर गाडी हलणार नाही," आत्या म्हणाली. "उद्याला दुसरी गाडी बघा."

"बघतो, ताई," काका म्हणाले. गुरुवारसाठी त्यांनी मेहुण्याची गाडी मिळवली.

बुधवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही स्पेसर तयार होते. हबवर चाक मधोमध बसावं म्हणून हबला एक कडं असतं. स्पेसर घातला की ते झाकलं जातं, तेव्हा आत्याने स्पेसरलाच तसं कडं कातलं होतं. मी ते हातात घेऊन पाहिले. आरशासारखे. तिने त्यांवर खडूने लिहिलं, 'नवे स्टड आल्यावरच', आणि शेडमधल्या फळीवर ठेवले.

शुक्रवारी आत्याला डोळे तपासायला जायचं होतं. डोळ्यांत औषध घातलं की दिवसभर धूसर दिसतं, म्हणून ती परस्पर घरी जाणार होती. दुपारी स्टडवाल्याचा फोन आला: माल सोमवारी येईल. तासाभराने काका आले. मेहुणा गाडी देईना. उद्या सहा माणसं घरात वाट बघत बसणार होती, आणि त्या माणसांना एक दिवस चुकवणं म्हणजे जिवाशी खेळ, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. काका रडकुंडीला आले होते. ते खोटं नव्हतं, नाटक नव्हतं. ते नुसते उभे होते, हातात टोपी घेऊन.

बाबा शेडमध्ये गेले आणि फळीवरचे स्पेसर घेऊन आले.

"बाबा, स्टड?" मी विचारलं.

"अगं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. नट बसतो आहे ना? सोमवारी बदलून टाकू." ते काकांकडे वळले. "काका, जरा सावकाश चालवा. बस."

रुग्णालय स्वतःची गाडी पाठवतं का, हे एका फोनवर विचारता आलं असतं. एखाद्या टॅक्सीवाल्याला विनवता आलं असतं. बाबांना या गोष्टी सुचल्या नाहीत, कारण त्या करायच्या तर आधी काकांच्या तोंडावर 'ही गाडी मिळणार नाही' म्हणावं लागलं असतं.

फिटरने चाकं बसवली. त्या हवेच्या गनचा आवाज मी अनेक वर्षं ऐकत आले होते. नट धरला की ती घर्रर्र करत फिरते, फिरते, आणि मग टकटक करत घट्ट होते. त्या दिवशी ती घर्र म्हणाली आणि लगेच टकटकली. आठही नटांना तसंच. फिटरने एकदा बाबांकडे पाहिलं. बाबा काकांशी बोलत होते.

मी आत्याला फोन करायला रिसीव्हर उचलला. मग वाटलं, तिचे डोळे दुखत असतील, ती आरडाओरडा करेल, बाबा सगळ्यांदेखत तोंडघशी पडतील, आणि काका तर निघालेच आहेत. मी रिसीव्हर ठेवून दिला. आजही हे सांगताना माझे कान तापतात.

शनिवारी आत्या अकराच्या सुमारास आली. शेडमध्ये गेली आणि दोन मिनिटांत दारात उभी राहिली.

"स्पेसर कुठे आहेत?"

बाबा माल आणायला बाहेर गेले होते. "बाबांनी बसवले," मी म्हणाले.

"स्टड आले?"

"नाही."

आत्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रागाने लाल होणारी बाई त्या दिवशी पांढरी पडली. तिने काकांना फोन लावला. ते गाडी चालवताना फोन घेत नसत, चांगला माणूस. तिने दुसऱ्यांदा लावला. मग माझ्या स्कूटरची चावी उचलली, काउंटरवरचं हेल्मेट ओढून घेतलं आणि रुग्णालयाकडे गेली.

ती पोचली तेव्हा पाच मिनिटं उशीर झाला होता. रुग्णालयाच्या अलीकडे एक उतार आहे. परतीच्या पहिल्या फेरीत, त्या उताराच्या पायथ्याशी वळताना, डावीकडचं पुढचं चाक सुटलं होतं. व्हॅन तोंडावर बसून दुभाजकावर आदळली. आत काका आणि तीन रुग्ण होते. काकांचं गळ्याचं हाड मोडलं. दोघांना खरचटण्यावर निभावलं. तिसऱ्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई होत्या, सत्तरीच्या. त्यांचा डावा हात समोरच्या सीटच्या दांड्यावर आपटला. डायलिसिसच्या रुग्णांच्या हातात एक शीर जोडून मोठी केलेली असते, तिच्यातूनच रक्त यंत्रात जातं. ती जोडलेली शीर निकामी झाली. दुसऱ्या हातात नवी करायची, ती तयार व्हायला दोन-तीन महिने, तोवर मानेत नळी. हे मला नंतर कळलं. तेव्हा आत्याने फोनवर एवढंच सांगितलं, "सगळे जिवंत आहेत. बाईंचा हात गेला." आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी परिवहन खात्याचा माणूस आत्याच्या शेडवर नोटीस चिकटवून गेला. अपघातग्रस्त वाहनाला स्थानिक लेथवर बनवलेले निकृष्ट स्पेसर बसवले असल्याचं आढळलं आहे, चौकशी पूर्ण होईपर्यंत काम बंद ठेवावं. खाली दुकानदाराचा जबाब जोडला होता. बाबांचा. एकच वाक्य: 'सदर स्पेसर माझ्या बहिणीने तयार केले होते.'

माझा बाप खोटं बोलला नव्हता. तो खरंच बोलला, फक्त तेवढंच बोलला.

आत्याने नोटीस दोनदा वाचली. बाबा दुकानात होते, मधलं दार उघडं होतं. मला वाटलं आता ती तिकडे जाईल. ती गेली नाही. तिने व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचे भाग मोजणारी मोजपट्टी, पेटीत घातला, चष्मा पुसला आणि मला म्हणाली, "चल. तू पण."

खात्याच्या आवारात व्हॅन एका कोपऱ्यात ठोकळ्यांवर उभी होती. निरीक्षक तरुण होता, टेबलावर फायलींचा ढीग. "बाई, अहवाल लिहून झाला आहे. स्पेसर धोकादायक असतात हे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असलेलं मला सांगू नका. तुम्ही काय मोजलं ते सांगा."

निरीक्षकाने फाईलची पानं उलटली.

"तुम्ही मोजलंच नाही," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त भीतिदायक होतं. "माझ्या चाळीस वर्षांच्या कामावर तुम्ही एक कागद चिकटवलात आणि साधी पट्टी लावली नाहीत. उठा. मी मोजते, तुम्ही बघा. माझं चुकलं असेल तर लेथ तुमच्या आवारात आणून टाकते."

तो उठला. का कोण जाणे, पण उठला. आत्याने आधी स्पेसर मोजले आणि व्हर्निअर त्याच्या डोळ्यांसमोर धरला. बारा. दुसरा, बारा. तडा नाही, वाक नाही, कडं शाबूत. मग तिने तोच बुधवारचा हिशेब त्याच्या वहीत त्यालाच मांडायला लावला, आतला आणि बाहेरचा दोन्ही. शॉकॲब्सॉर्बरवर बोट फिरवायला लावलं. "कुठे घासलंय? दाखवा." कुठेच घासलं नव्हतं. सात आणि पाचाची बेरीज बरोबर होती.

मग ती डाव्या हबसमोर वाकली. "आता हे बघा. हा स्टड हबबाहेर अठ्ठावीस मिलिमीटर आहे. रिमची जाडी दहा. उरले अठरा. त्यात माझा स्पेसर बाराचा. किती उरले?"

"सहा," निरीक्षक म्हणाला.

"एका आट्याला दीड मिलिमीटर लागतो. सहात किती?"

"चार."

"बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडवर नट निदान बारा मिलिमीटर चढला पाहिजे. म्हणजे आठ आटे. इथे चारच होते. निम्मे. आणि मी सांगते म्हणून मानू नका, स्टडकडे बघा."

आम्ही तिघेही वाकलो. चारही स्टडचं तसंच होतं. टोकाकडचे चार आटे किसल्यासारखे फाटले होते, चकाकत होते. त्यांच्या मागचे सगळे आटे धूळ आणि गंज धरून जसेच्या तसे बसले होते. नट तिथवर कधी पोचलाच नव्हता.

निरीक्षकाने एका फाटलेल्या आट्यावरून नख फिरवलं. "लांब स्टड लागतील हे तुम्ही सांगितलं होतं, याला पुरावा?"

"स्पेसरवर लिहिलं होतं. खडू होता, पुसला गेला."

"मग कुणी पाहिलं?"

आत्या माझ्याकडे वळली नाही. ती हबकडेच बघत राहिली. तिने मला सोबत का आणलं होतं ते मला तेव्हा समजलं. ती विचारणार नव्हती. मीच बोलायचं होतं, किंवा नाही.

"मी पाहिलं," मी म्हणाले. "स्टड मीच मागवले होते, फोनची नोंद आहे. ते आज येणार होते. शुक्रवारी बाबांनी जुन्यावरच बसवायला सांगितलं. मी समोर होते. गन किती लवकर थांबली ते मी ऐकलं. मी कुणाला काही सांगितलं नाही."

निरीक्षकाने ते सगळं लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. अक्षर माझं आहे असं वाटत नव्हतं.

परत आलो तेव्हा बाबा टायरच्या थप्पीशी उभे होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. "ताई," ते म्हणाले, "त्या माणसाने विचारलं, स्पेसर कुणी केले. मी उत्तर दिलं. मी तुझ्यावर ढकललं नाही."

"तू काय केलंस ते मी सांगू?" आत्या दुकानाच्या मधोमध उभी राहिली. फिटर पाना हातात धरून थबकला. "लहानपणी तू काच फोडायचास आणि आईसमोर गप्प उभा राहायचास. तू कधीच माझं नाव घेतलं नाहीस. नुसता गप्प राहायचास आणि मार मला बसायचा. मी म्हणायचे, लहान आहे. आता तू चौपन्न वर्षांचा आहेस."

"काकांची अडचण होती गं. सहा माणसं होती."

"अडचण होती म्हणून आटे वाढतात का? त्या माणसाला दयेची गरज होती आणि तू त्याला गोड बोलून मरायला पाठवलंस. तुला त्यांची दया आली नाही. तुला 'नाही' म्हणायची लाज वाटली. ती लाज वाचवायला एका बाईचा हात गेला. आणि नंतर मला पुढे केलंस."

बाबा खाली बसले, टायरवरच. "आता काय करू, सांग."

मला वाटलं ती म्हणेल, चालता हो. तसं ती म्हणाली नाही. "काकांचा हात गळ्यात आहे, व्हॅन आवारात आहे. उद्या मंगळवार. त्या बाईंना मानेत नळी घालून बसमध्ये चढता येत नाही. सकाळी सातला त्यांच्या दारात गाडी घेऊन उभा राहा. चार तास बाहेर बसायचं आणि परत सोडायचं. तिन्ही दिवस. नवी शीर तयार होईपर्यंत आणि नंतरही, त्या नको म्हणेपर्यंत."

"त्या माझं तोंड तरी बघतील का?"

"नसेल बघायचं तर पाठीमागे बसतील. तुझ्या तोंडाचा इथे काय संबंध?"

मग ती शेडमध्ये गेली आणि तिने मधलं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज दुकानात सगळ्यांनी ऐकला.

आठवड्याभरात आत्यावरची नोटीस निघाली. बाबांचं दुकान सहा महिने बंद झालं आणि खटला उभा राहिला. बाबांनी या वेळी न्यायालयात पूर्ण वाक्य सांगितलं: स्पेसर बहिणीचे, ते बरोबर होते, स्टड आले नव्हते, तरी मी बसवायला लावले. शिक्षा दंडावर निभावली. घरात बाबा माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. आईने आम्हा दोघांनाही बोल लावले, मला सही केल्याबद्दल आणि त्यांना मला ती करावी लागल्याबद्दल. मी काउंटर सोडलं. दुसऱ्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामाला लागले.

बाबा मात्र मंगळवारी सात वाजता ग्रंथपाल बाईंच्या दारात उभे राहिले होते. बाई पाठीमागे बसल्या. पहिले तीन आठवडे त्यांनी एक शब्द काढला नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाल्या, "तुम्ही चार तास नुसते बसता. वाचता येतं ना?" आणि एक जाडजूड पुस्तक पुढच्या सीटवर टाकलं. "परत येताना विचारीन, काय वाचलं ते." बाबांनी आयुष्यात टायरच्या याद्यांपलीकडे काही वाचलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी नऊ पानं वाचली आणि बाईंनी दहाव्याबद्दल विचारलं. बाबांनी इकडचं तिकडचं काहीतरी ठोकून दिलं. बाई म्हणाल्या, "वाचलं नाही तर वाचलं नाही म्हणा." बाबांनी हे घरी येऊन आईला सांगितलं, मी शेजारच्या खोलीत होते. ते वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

नवी शीर अडीच महिन्यांत तयार झाली. मानेतली नळी निघाली. काका बरे झाले, पण व्हॅन चालवायला बसले नाहीत. बाई बाबांना नको म्हणाल्या नाहीत, म्हणून बाबा अजून जातात. बाकीच्या पाचांपैकी तिघांनाही आता तेच नेतात.

दुकान पुन्हा उघडलं, मधलं दार उघडलं नाही. गेल्या वर्षी बाबांच्या गाडीच्या ब्रेकच्या डिस्क झिजल्या, त्यांचे पृष्ठभाग लेथवर साफ करायचे होते. बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका टर्नरकडे घेऊन गेले. आमची हकीकत त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होती. त्याने डिस्क उलटसुलट केल्या आणि म्हणाला, "रुग्णांची गाडी आहे ना? मग घरचा टर्नर सोडून माझ्याकडे कशाला आलात?"

रविवार होता, मी आत्याकडे बसले होते. बाबांनी वळसा घालून गाडी मागच्या गल्लीत आणली, जॅकवर घेतली आणि ते शेडच्या बाहेर उभे राहिले, दोन्ही हातांत एकेक डिस्क. "ताई," ते म्हणाले, "जाडी मोजून आणली आहे. एकवीस आणि वीस पूर्णांक सहा. खाली एकोणीसपर्यंत चालतं असं डिस्कवर लिहिलं आहे. होईल का?"

आत्याने डिस्क घेतल्या, व्हर्निअर लावला. बाबांचे आकडे बरोबर निघाले. तिने तसं म्हटलं नाही. त्यांना बस म्हटलं नाही. अर्ध्या तासाने दोन्ही डिस्क त्यांच्या हातात ठेवल्या आणि पाठोपाठ बाहेर गेली. गल्लीतच त्यांना त्या बसवायला लावल्या, चाकं चढवायला लावली आणि कमरेवर हात ठेवून उन्हात उभी राहिली. शेवटचा नट आवळून झाल्यावर तिने पाना त्यांच्या हातातून घेतला आणि एकेक नट स्वतः तपासला.

"तुझा अजून विश्वास नाही," बाबा म्हणाले.

"नाही," आत्या म्हणाली. "मंगळवारी पुढची काच पण पुसून ने. बाईंना चिखल दिसला की मला फोन करतात."